कुडाचं इंग्रज घर

प्रेमदास मिस्त्रीला प्लायवूडची किळस होती. नावड नव्हे, राग नव्हे, चक्क किळस. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की चहा येईपर्यंत बसल्या जागेवरून हात लांबवून तो दारावर, कपाटावर, दिवाणावर बोटाचं पेर वाजवून बघायचा. आतून भुसभुशीत आवाज आला की त्याचं नाक वर चढायचं आणि पुढ्यातला चहा अर्धाच राहायचा. मुलीच्या सासरी तर त्याने नव्या कोऱ्या शोकेसचा कोपरा नखाने उचकटून पाहिला. आत भुसा आणि डिंक. "हे लाकूड नाई जी, हे कोणीतरी चावून थुकलेलं हाय," असं तो भर बैठकीत व्याह्यांना बोलून गेला. अन्नपूर्णाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एवढ्या जोरात कोपर मारलं की कपातला चहा बशीत आला. त्यानंतर वर्षभर त्या घरात त्याला शोकेसजवळ कुणी बसू दिलं नाही.

आणि या माणसाने तीस वर्षं पोट भरलं ते प्लायवूडवरच. वर्ध्यात आणि सेलूत मिळून निदान तीनशे स्वयंपाकघरं त्याने भुशाच्या पाट्यांनी भरून टाकली होती. याची कुणी आठवण करून दिली की तो विषय बदलायचा. फार डिवचलं तर म्हणायचा, "मग काय उपाशी मरू?" आणि तिथून उठून जायचा.

त्याचा जन्म वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावातल्या बौद्ध वस्तीतला, कुडाच्या घरातला. कुड म्हणजे तुराट्यांचा ताटवा विणायचा आणि माती, शेण आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, कालवून तो दोन्ही अंगांनी लिंपायचा, झाली भिंत. पावसाळ्यात ती ओल धरायची, तिचा वास सुटायचा आणि तो सदऱ्यात शिरायचा. शाळेत शेजारची पोरं नाकाला रुमाल लावायची. मास्तर कुणाला काही बोलायचे नाहीत, ते स्वतःच खिडकीकडे तोंड करून शिकवायचे. किळस म्हणजे काय ते प्रेमदासला तिथे पहिल्यांदा कळलं, आणि ती लोकांना आपलीच येते आहे हेही तिथेच कळलं.

पुढे तो वर्ध्याला नत्थूजींकडे कामाला लागला. नत्थूजी जातीचे सुतार. बौद्धाच्या पोराच्या हातात त्यांनी पटाशी दिली म्हणून भावकीने बरीच कुरकुर केली, पण म्हाताऱ्याने कुणाला जुमानलं नाही. त्यांचा नियम एकच होता. घराच्या सांगाड्यात खिळा मारायचा नाही. एका लाकडाला जिभेसारखं टोक काढायचं, ते कुसू. दुसऱ्याला त्याच मापाचं भोक पाडायचं. कुसू भोकात बसलं की आरपार बाभळीची मेख ठोकायची. लोखंड लाकडाला काळं पाडतं आणि गंजून सुटतं. मेख लाकडाबरोबर फुगते आणि लाकडाबरोबरच आटते. प्रेमदासने सहा वर्षांत हे सगळं असं उचललं की नत्थूजी गिऱ्हाईकांसमोर त्याचे सांधे बोटाने दाखवायचे.

त्याचा हात तयार झाला आणि नेमकं तेव्हाच लोकांनी कवेलूची, म्हणजे कौलारू घरं बांधणं सोडलं. सिमेंटचा स्लॅब आला, मागोमाग प्लाय आलं. कपाटं, किचन, खोटी छतं. यातलं सगळ्यात घाण काम म्हणजे झाकायचं. वर्ध्यात जुन्या घरांमध्ये सागाच्या मयाली होत्या, मयाल म्हणजे खांबांवरून आडवी जाणारी जाड तुळई, हत्ती बांधला तरी हलायची नाही अशी. मालकांना ती नको असायची. "जुनाट वाटते हो मिस्त्री, काहीतरी मॉडर्न करा." मग प्रेमदासने त्या मयालीत ड्रिल घालायचं, पट्ट्या ठोकायच्या आणि खालून गुळगुळीत पांढरं छत लावून टाकायचं. पहिल्यांदा असं काम केलं त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. विसाव्यांदा केलं तेव्हा पोटभर जेवला. या दुसऱ्या गोष्टीची त्याला जास्त लाज वाटायची.

अशा माणसाकडे तीन वर्षांमागे दिवाळीत शौनक आला. आंजी रस्त्यावर शेत असलेल्या श्रीनिवास सरांचा हा मुलगा. सर वर्ध्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि शौनक इंग्लंडात कॉम्प्युटरची नोकरी करून आठ वर्षांनी परत आलेला. तिथे तो एका खेड्यात चारशे वर्षं जुन्या शेतघरात भाड्याने राहिला होता आणि त्या घराने त्याला अगदी वेड लावलं होतं. तसंच घर त्याला वडिलांच्या शेतात बांधायचं होतं. नागपूरची माणसं शनिवार-रविवार येऊन राहतील असा हिशोब होता. तीन ठेकेदारांनी त्याला सांगितलं, की सिमेंटचं घर बांधू आणि वरून काळ्या पट्ट्या चिकटवून देऊ, हुबेहूब दिसेल. चौथ्याने हसत हसत प्रेमदासचं नाव सांगितलं.

शौनकने बाजेवर नकाशे पसरले. प्रेमदासने चष्मा लावला आणि पुढचा पाऊण तास तो त्यांच्यावरून बोट फिरवत राहिला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण नकाशा वाचायला इंग्रजी लागतंय कुणाला? दगडी जोत्यावर आडवं लाकूड, त्याच्यावर खांब, खांबांवर मयाली, आणि खांब-मयालीच्या बेचक्यात वाकडे टेकू. एवढ्या मोठ्या घरात एक खिळा नाही. सगळीकडे कुसू आणि सगळीकडे मेखा. मग त्याचं बोट एका खांबाच्या माथ्यावर थांबलं. खांब वर जाताना निमुळता व्हायच्या ऐवजी जाड झाला होता.

"हे झाड उलटं उभं केलं जी यायनं," तो म्हणाला. "बुडखा वर, शेंडा खाली."

"हो काका, पण ते का, हे मला तिथे कुणी नीट सांगितलं नाही."

"काऊन म्हणजे? वरतं दोन मयाली येऊन राह्यल्या. दोन कुसं बसवाले लाकूड जाड पायजे. झाड जाड कुठं असते? बुडाशी." प्रेमदासने नकाशावर थाप मारली. "आपल्याकडे खांब उलटा केला तर लोक घर सोडून पळतीन. हा माणूस हुशार होता बाप्पा!"

चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या, कोण कुठल्या त्या इंग्रज सुतारावर तो मनापासून खूश झाला. मग त्याने विचारलं, की खांबांच्या मधल्या भिंती कशाच्या. शौनकने मोबाईलवर फोटो दाखवला. एका जागी गिलावा पडला होता आणि आतून काड्यांचा विणलेला ताटवा दिसत होता. काड्यांवर माती. शौनक म्हणाला, की मातीत शेण आणि गवत कालवतात.

प्रेमदासने फोटो अन्नपूर्णाला दाखवला. तिने पदराने मोबाईल पुसला आणि परत पाहिला. "हे तर कुड हाय," ती म्हणाली. "साहेबलोक बी कुडातच राहत होते का?" आणि दोघं नवराबायको इतके हसले, की शौनकला काही समजेना.

प्रेमदास एकसष्ट वर्षांचा होता. हातून आता फार तर एक मोठं काम होईल हे त्याला ठाऊक होतं. ते काम असं असावं, की ज्याच्यात खिळा नाही, भुसा नाही आणि ज्याच्यावर काही चिकटवलेलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने ते उघड्या डोळ्यांनी बघावं. दुसरं त्याला आयुष्याकडून काही नको होतं. म्हणून मजुरीचं ठरायच्या आधी त्याने शौनककडून एक शब्द घेतला. "घर झाल्यावर काई झाकाचं नाई. खांब दिसले पायजे, मयाल दिसली पायजे, सांधा दिसला पायजे." शौनकने हातावर हात मारून शब्द दिला, आणि त्या वेळी तो खरंच दिला होता.

काम सव्वा वर्ष चाललं. खांब सागाचे, मयाली येनाच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या, मेखा बाभळीच्या. आधी सगळा सांगाडा शेतात आडवा मांडून जुळवला, सांध्यासांध्यावर पटाशीने खुणा केल्या, मग सोडवून पुन्हा उभा केला. वीस माणसं आणि चार दोरखंड. सरांच्या घरच्यांनी चौकटीची पूजा ठेवली होती, तेव्हा प्रेमदास पाण्याच्या ड्रमाजवळ हात बांधून उभा राहिला. पूजेशी त्याला कर्तव्य नव्हतं. पण भटजींनी दारावर ठोकायला घोड्याची नाल आणि मूठभर खिळे काढले तसा तो धावला. "माह्या लाकडात लोखंड घालू नका, पाया पडतो." बराच घोळ झाला. अखेर नाल सुतळीने बांधली. ती टांगलेली नाल पाहून सरांचे नातलग गालात हसले, पण सांगाड्यात खिळा गेला नाही.

भिंती अन्नपूर्णाने आणि वस्तीतल्या चार बायांनी लिंपल्या. माती पायांनी तुडवताना त्या गाणी म्हणत होत्या. श्रीनिवास सर लांबूनच बघायचे आणि विचारायचे, "शेण घालायलाच हवं का? म्हणजे, आता इतकं काय काय मिळतं बाजारात." शौनक त्यांना इंग्लंडचे फोटो दाखवायचा. फोटो बघितला की सर तेवढ्यापुरते शांत व्हायचे.

घर उभं राहिलं तेव्हा प्रेमदास रोज संध्याकाळी सायकल मारत तिथे जायचा, काम नसताना. अन्नपूर्णाला सांगायचा, मेखा पाहून येतो. मेखा कुठे पळून जात नव्हत्या. त्याला नुसतं मयालीखाली उभं राहायचं असायचं.

मग उन्हाळा आला, पारा शेहेचाळीसवर गेला आणि येन तडकलं. येन तडकणारच, ओलं लाकूड वाळताना लांबून चिरतं, त्याने ताकद कमी होत नाही, हे प्रेमदासने आधीच सांगून ठेवलं होतं. कुडाच्या कडेला, खांबाला लागून, बोटभर फटी पडल्या, त्याही पडणारच होत्या. पाऊस झाला की एक हात मातीचा फिरवायचा, दरसाल, जसा त्याची आई फिरवायची. पण ते समजून घ्यायला डोकं थंड लागतं, आणि सरांच्या नातलगांच्या तोंडात तेव्हा घरच घर होतं. कुणी म्हणालं, नवं घर असून तडे गेले. कुणी म्हणालं, दुरुस्ती कधी करणार. पुलगावच्या एका लग्नात तर सरांच्या तोंडावर एक मेहुणे बोलले, "मुलगा विलायतेहून आला आणि बांधून बांधून काय बांधलं, तर कुडाचं घर!" पंगतीत हशा झाला. सर घास हातात घेऊन बसून राहिले. चाळीस वर्षं प्रतिष्ठेने काढलेला माणूस, आणि त्याच्या शेतात आता मजुराच्या घरासारखं घर. त्या दिवसापासून त्यांना त्या भिंतींचा वास येऊ लागला. कोरड्या ठणठणीत भिंती, वास कसला? पण त्यांना यायचा.

प्रेमदासला हे सगळं उशिरा कळलं. दिवाळीनंतर तो रस्त्याच्या कडेला पंक्चर काढून घेत होता तेव्हा जिप्समच्या पांढऱ्या पाट्यांनी भरलेला टेम्पो समोरून गेला आणि शेताकडे वळला. तसल्या पाट्या कशाला लागतात ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पंक्चर तसंच सोडून तो सायकल ढकलत निघाला.

आत मशीन घुरघुरत होतं. अर्ध्या दिवाणखान्याच्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. खांब नाहीसे झाले होते, मयालीचं एक टोक गिळलं गेलं होतं. आणि पांढऱ्या पाट्यांवर दोन माणसं काळ्या रंगाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवत होती, तिरप्या, आडव्या, उभ्या. पट्ट्यांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या होत्या. प्रेमदासने एका पट्टीला बोट लावलं आणि ते लगेच पायजम्याला पुसलं. खरोखर इंग्रज पद्धतीने बांधलेलं घर झाकून वरून इंग्रज घराचं सोंग चढवणं चाललं होतं. दाराबाहेर जाऊन तो दोनदा थुंकला.

काम घेतलं होतं आदेशने. हा आदेश बारा वर्षं त्याच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःची गाडी आणि सहा माणसं बाळगणारा ठेकेदार. प्रेमदासला बघून त्याने मशीन बंद केलं आणि मान खाली घातली.

"काय करून राह्यला बे तू?" प्रेमदासचा आवाज चिरका झाला. "स्क्रू कशात मारला? मयालीत? माह्या मयालीत स्क्रू मारला तुनं?"

"मिस्त्री, मी नाई केलं तर दुसरा कोणी करन."

"दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याले मारलं असतं. तुले काय करू? आंधळा हाय का तू? हे झाकाचं लाकूड हाय का? आत हवा नाई, उजेड नाई. उधईनं लाकूड खाल्लं तर घर पडेपर्यंत कोणाले समजन नाई."

आदेशने घाम पुसला. तो वाईट माणूस नव्हता आणि उलट उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती, म्हणूनच बहुधा ते एवढं सरळ आलं. "मिस्त्री, तुमीच तं शिकवलं. गिऱ्हाइकाले फट दिसली नाई पायजे. रामनगरच्या वकिलाच्या घरी सागाची मयाल होती, तुमी आन् मी मिळून झाकली. मी रडलो होतो तवा. तुमी म्हनलं, रड घरी जाऊन."

प्रेमदास पाट्यांच्या थप्पीवर बसला. त्याला ते घर आठवत नव्हतं. म्हणजे वकील आठवत होता, चहा आठवत होता, आदेशचं रडणं आठवत नव्हतं. अशी किती घरं झाली असतील? आदेशचा राग करावा तर तो राग वळून स्वतःच्याच अंगावर येत होता, आणि स्वतःची किळस यायला लागली की ती थुंकून टाकता येत नाही.

तेवढ्यात शौनक आला. त्याचा चेहरा पडला होता. बाबांचं ब्लडप्रेशर, आईचं रडणं, नातेवाईक, सगळं त्याने सांगितलं. "काका, आत सगळं तुमचंच आहे. कुठे जात नाही ते."

"आत असून काय कामाचं? शब्द देल्ला होता तुमी."

प्रेमदास भांडण करू शकला असता, पण घर त्यांचं होतं आणि हे त्याला कळत होतं. शेवटी त्याने मागितलं ते एवढंच, की दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात चार हात जागा उघडी सोडा. एक खांब, त्याच्या माथ्यावर मयालीचा सांधा, वाकडा टेकू आणि शेजारचा थोडा कुड. कुणाला नाही तरी एखाद्याला तरी कळेल आत काय आहे ते. शौनकने लगेच हो म्हटलं, सुटल्यासारखं. वर म्हणाला, "तिथे काचेचं दार लावू, छान दिवा सोडू. लोकांना आवडेल."

जानेवारीत उद्घाटन झालं. गाड्या लागल्या, हिरवळीवर टेबलं मांडली. प्रेमदास इस्त्रीचा सदरा घालून आला, अन्नपूर्णा ठेवणीतलं लुगडं नेसून. बाहेरून घर एखाद्या केकसारखं दिसत होतं. माणसं प्लास्टिकच्या पट्ट्यांना टेकून फोटो काढत होती आणि "काय लाकूड आहे!" म्हणत होती. प्रेमदास सरळ कोपऱ्याकडे गेला.

कोपरा खरंच छान झाला होता. पिवळा उजेड थेट सांध्यावर पडत होता, मेखेचं टोक चमकत होतं. काचेवर पितळेची पाटी होती, इंग्रजीत. सरांची भाची नमिता पुण्याहून आली होती, इंटिरियर करणारी. ती दोन मैत्रिणींना ते दाखवत होती.

"हे बघ ना, कसलं सुंदर आहे. काड्या आणि माती! किती ऑरगॅनिक. इंग्लंडमधले लोक चारशे वर्षांपूर्वी इतका विचार करायचे." मग तिने मान हलवली. "आपल्याकडच्या मिस्त्रींना सांगून बघ. जन्मात जमायचं नाही त्यांना."

अन्नपूर्णाने नवऱ्याच्या बाहीला हिसका दिला. "सांगा न," ती पुटपुटली. शौनकने त्यांना पाहिलं आणि तो घाईने पुढे आला.

"नमिता, हे प्रेमदासकाका. यांनीच इथे सगळं उभं करून दिलं."

"अच्छा! म्हणजे सगळं तिकडून सुटं सुटं आलं होतं का? आणि यांनी जोडलं?"

शौनक हसला. नुसता हसला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती, त्यातली निम्मी पुढे भाडं देऊन राहायला येणारी. 'नाही, हे आंजीचं आहे, यांनीच केलंय,' हे वाक्य म्हणायला फार वेळ लागत नाही. प्रेमदास त्याच्या तोंडाकडे बघत थांबला. शौनकने नजर वळवली आणि कुणाला तरी सरबत घेणार का म्हणून विचारलं.

मग प्रेमदासने काचेचं दार उघडलं. आत हात घातला, कुडाच्या कडेची मूठभर माती तोडली आणि नमिताचा हात धरून तिच्या तळव्यावर ठेवली.

"वास घ्या," तो म्हणाला.

तिने खरंच नाकाजवळ नेली. "छान आहे. मातीचा वास."

"शेण हाय बाई. आंजीच्या म्हशीचं. हिनं पायानं तुडवलं हाय." त्याने अन्नपूर्णाकडे बोट केलं. "काड्या तुरीच्या. विलायतेचं काईच नाई याच्यात. आमी राह्यत होतो अशा घरात, तवा शाळेत लोक नाकाले रुमाल लावत होते."

"ई! शी!" नमिताने हात झटकला. माती नव्या फरशीवर फुटली. ती बोटं पसरून, हात अंगापासून लांब धरून बेसिन शोधत पळाली. मैत्रिणी एक पाऊल मागे सरल्या. मघाशी काचेला नाक लावून बघणाऱ्या एका बाईने पदर नाकाला लावला. प्रेमदासने तो पदर बघितला. पंचावन्न वर्षं मध्ये गेली होती आणि नाकं तीच होती. जेवणाला न थांबता दोघं नवराबायको निघाले. फाटकापाशी अन्नपूर्णा म्हणाली, "बरं केलं." तोही म्हणाला, "हो, बरं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आदेशचा फोन आला. शौनकभाऊंनी कोपरा बंद करायला सांगितलं होतं, आजच्या आज, सरांना ते डोळ्यांसमोर नको होतं. "मिस्त्री, मी काय करू? तुमी म्हनसान तर नाई जात."

दुसरा कुणीतरी जाईल, सांध्याच्या ऐन छातीत स्क्रू मारेल, मेख फोडेल, हे प्रेमदासला डोळ्यांपुढे दिसत होतं. "तू नको जाऊ," तो म्हणाला. "मी येतो. तू फक्त सामान आणून ठेवजो."

त्याने एकट्याने ते काम केलं. सांध्याला धक्का लागू नये म्हणून खांबाच्या बाजूने वेगळी चौकट उभी केली. फुटलेली कुडाची कड ओल्या मातीने बुजवली. वर पांढरी पाटी बसवली, जोड लांबीच्या लगद्याने भरला, वाळू दिला, कागदाने घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. रंगाचे दोन हात दिले. शेवटी काळी पट्टी चिकटवावी लागली, तीही ओळंबा लावून चिकटवली, कारण वाकडी चिकटवणं त्याच्या हाताला जमत नव्हतं. संध्याकाळ झाली.

श्रीनिवास सर काठी टेकत आले. कालच्या गोष्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरून हळूहळू हात फिरवला, इकडून तिकडे, मग वाकून उजेडाच्या बाजूने पाहिलं.

"वा प्रेमदास," ते म्हणाले, "कुठे काय होतं ते कळतसुद्धा नाही. हात आहे बुवा तुझा."

आणि प्रेमदासला बरं वाटलं. मान आपोआप हलली, ओठांवर हसूही आलं असावं. सर गेल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. तो बाहेर नळावर गेला आणि हात धुऊ लागला. लांबी केव्हाच निघून गेली, तरी तो किती तरी वेळ हात घासत उभा होता.